पहिली चार अक्षरे

उलगडलेला मजकूर हातात आला, पण तो कशाचा आहे हे ओळखायचे कसे? संगणकाचे प्रोग्राम लिहिणाऱ्या माझ्या भाच्याने हा प्रश्न मला समजावून सांगितला तेव्हा मी त्याला म्हणालो, ‘बाबा रे, हा तर मोडी वाचणाऱ्यांचा प्रश्न आहे.’ त्याचे म्हणणे साधे होते. इंटरनेटवरून फाइल पाठवताना ती पुष्कळदा चौसष्ट साध्या अक्षरांच्या सांकेतिक लिपीत बांधून पाठवतात. ‘बेस सिक्स्टी-फोर’ असे तिचे नाव. पलीकडचा प्रोग्राम ती उलगडतो आणि हाती येते ती आकड्यांची लांबलचक माळ. ती माळ म्हणजे फोटो आहे, गाणे आहे, की बँकेचे पत्रक? पाकिटावरचे नाव वाटेत गळून पडलेले असते. मग प्रोग्रामने ठरवायचे कशावरून?

ते कशावरून ठरवतात हे पाहायला आमच्या महाडपासून फार लांब जावे लागत नाही. मुंबई-गोवा रस्त्याला लागूनच, सावित्री आणि गांधारी या नद्यांच्या संगमाजवळ, गांधारपाल्याची बौद्ध लेणी आहेत. तिथे ब्राह्मी लिपीतला एक लेख आहे. कुमार काणभोज विष्णुपालित नावाच्या कुणा राजपुत्राने लेणे, चैत्यगृह, आठ ओवऱ्या आणि पाण्याच्या दोन पोढी दान दिल्याची ती नोंद. ओवरीला लेखात ‘ओवरक’ म्हटले आहे; देवळाच्या ओवरीत बसून भजन ऐकणाऱ्या माणसाला आपला शब्द किती जुना आहे याची कल्पनाही नसते. पण मला सांगायचे आहे ते लेखाच्या दोन टोकांविषयी. सुरुवातीला ‘सिधं’, शेवटी ‘देयधम’ म्हणजे दानधर्म. मधले एक अक्षर लागले नाही तरी ही दोन टोके पाहून जाणकार सांगतो की हा दानाचा लेख आहे. राजाची आज्ञा नाही, कुणाची स्तुती नाही, व्यापाराचा हिशेब नाही.

ब्राह्मी लिपीचे कोडे सुटले तेही याच वाटेने. १८३७ साली कलकत्त्याच्या टांकसाळीतला अधिकारी जेम्स प्रिन्सेप सांचीच्या स्तूपाभोवतालच्या कठड्यावरच्या छोट्या छोट्या लेखांच्या नकला पाहत होता. एकही अक्षर धड लागत नव्हते. पण त्याच्या लक्षात आले की जवळजवळ प्रत्येक लेख त्याच दोन अक्षरांनी संपतो. त्याने विचार केला, पवित्र जागी, दगडाच्या एकेका तुकड्यावर, वेगवेगळ्या ओळी पण शेवट सारखा, असे काय लिहीत असतील? देणाऱ्याचे नाव! आपल्याकडे देवळाच्या पायरीवर, दर्ग्याच्या फरशीवर, एसटी स्टँडच्या बाकड्यावर आजही तेच लिहिलेले असते. म्हणजे ती दोन अक्षरे ‘दानं’ असली पाहिजेत. द आणि न हाती लागले आणि पुढे काही दिवसांतच बाकीची अक्षरे लागत गेली. वाचून झाल्यावर प्रकार कळला असे इथे झाले नाही. प्रकार आधी ओळखला, म्हणून वाचता आले.

आपल्या आजी-आजोबांना ही विद्या शाळेत न जाता येत होती. पोस्टमनने कार्ड दिले की कोपऱ्यांना हळद-कुंकू आहे का पाहायचे. असेल तर लग्न. कोपरा फाडलेला असेल, माथ्यावर ‘श्री’ नसेल, तर घरातली बाई कार्ड वाचण्याआधीच पदर तोंडाला लावायची. आमच्या कोकणी मुसलमान घरांत पत्राच्या माथ्यावर ७८६ असे. तो आकडा दिसला की पत्र आपल्या माणसाचे, एवढे अक्षरओळख नसलेल्यालाही कळे.

आता मोडीकडे येतो. मोडी वाचता येणे ही अर्धी मजल. पल्लेदार, हात न उचलता लिहिलेली अक्षरे सोडवून बाळबोधीत उतरवली, तरी पुढ्यातला कागद काय आहे हा प्रश्न उरतोच. ती सनद आहे, कौलनामा आहे, महजर आहे, ताकीद आहे की नुसता कर्जरोखा? यावर जमिनी राहिल्या आहेत आणि गेल्या आहेत. १८५२ च्या कायद्याने मुंबई इलाख्यात इनाम कमिशनला अधिकार मिळाले आणि इनामदारांना आपापले कागद घेऊन उभे राहावे लागले. पेशवे दफ्तरातल्या नोंदींशी ते ताडून पाहिले गेले. घरी पिढ्यान्‌पिढ्या पूजेत ठेवलेला कागद सनद नसून दुसरेच काही आहे असे ठरले, तर त्या घराचे काय झाले असेल याची कल्पना करा.

ओळखायची खूण बहुतेक वेळा माथ्यावरच्या मायन्यात असते. शिवाजी महाराजांच्या सुरुवातीच्या काळातल्या आज्ञापत्रांचा मायना फारसी वळणाचा आहे: ‘अज रख्तखाने’ अशी सुरुवात, मग नाव, मग कारकुनांना उद्देशून मजकूर. जून १६७४ मध्ये रायगडावर, म्हणजे आमच्याच महाड तालुक्यात, राज्याभिषेक झाला आणि पत्रांच्या माथ्यावर राज्याभिषेक शक आणि ‘क्षत्रियकुलावतंस’ हे बिरुद येऊ लागले. त्यामुळे माथा पाहूनच कागद १६७४ च्या अलीकडचा की पलीकडचा याचा अंदाज येतो. आणि आत तारीख जावळीच्या मोहिमेची, पण माथ्यावर राज्याभिषेक शक, असे दिसले तर समजावे की कुणीतरी मागाहून हात मारला आहे.

तारखेचीही एक गंमत आहे. या कागदांत शुहूर सनाची वर्षे अरबी अंकशब्दांत लिहितात. जानेवारी १६५६ मध्ये चंद्रराव मोऱ्यांची जावळी महाराजांच्या हाती आली, ते साल ‘सीत खमसैन अलफ’, म्हणजे सहा, पन्नास आणि हजार. १०५६ मध्ये ५९९ किंवा ६०० मिळवले की इसवी सन मिळतो. सन मृग लागताना बदलतो म्हणून हा एका वर्षाचा फरक. मदरशात आम्ही वाहिद, इस्नैन, सलासा असे आकडे पाठ करायचो. मराठी कारकुनाच्या जिभेवर त्यांचे इहिदे, इसन्ने, सलास झाले. पहिल्यांदा मोडी कागदात ते भेटले तेव्हा परगावी घरचा माणूस भेटावा तसे मला झाले.

माथ्याइतकेच महत्त्व तळाला. मजकूर संपला की ‘मोर्तब सूद’ लिहून ‘मर्यादेयं विराजते’ अशी छोटी मुद्रा उमटवायची. इथे लेखनाची मर्यादा झाली; याच्या खाली कुणी दोन ओळी घुसडल्या तर त्या आमच्या नव्हेत, असा तिचा अर्थ. साध्या पत्रात ‘लेखनसीमा’ किंवा ‘हे विनंती’ तेच काम करी.

माथा का पाहायचा, याचे कारण नुसते नाव देणे हे नाही. प्रकार कळल्याशिवाय अक्षराचा अर्थच लागत नाही. २०२३ साली राज्य सरकारने न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली आणि कुणबी नोंदींसाठी गावोगावची जुनी दप्तरे उघडली गेली. मोडी जाणणाऱ्यांना एकाएकी मागणी आली. आरक्षणाच्या बाजूने किंवा विरोधात ज्याला जे म्हणायचे ते तो म्हणो. मला त्यात वाचनाचा मुद्दा दिसला. ‘कु’ हे एक अक्षर जन्ममृत्यूच्या नोंदवहीत जातीच्या रकान्यात असेल तर त्याचा एक अर्थ, आणि शाळेच्या हजेरीत मुलीच्या नावाआधी असेल तर ती कुमारी. अक्षर तेच. ते कुठल्या कागदात बसले आहे यावर घरातल्या मुलाचा दाखला अवलंबून.

संगणकात अगदी हेच होते. फाइल कसलीही असो, आत शून्य ते २५५ यांमधले आकडेच असतात. ६५ हा आकडा मजकुराच्या फाइलीत असेल तर तो इंग्रजी ‘ए’. चित्रात असेल तर एखाद्या ठिपक्याच्या रंगाचा अंश. गाण्यात असेल तर आवाजाची उंची. म्हणून फाइली बनवणाऱ्यांनीही मायने ठरवले. फोटोची नेहमीची जेपेग फाइल २५५, २१६, २५५ या आकड्यांनी सुरू होते. पीडीएफ टक्क्याचे चिन्ह आणि ‘पीडीएफ’ या अक्षरांनी. पीएनजी चित्रात आधी १३७ हा आकडा, मग ‘पीएनजी’. विंडोजवर चालणाऱ्या प्रोग्रामच्या माथ्यावर ‘एमझेड’ ही अक्षरे असतात. ती मार्क झ्बिकोव्स्की या मायक्रोसॉफ्टमधल्या कारागिराची आद्याक्षरे. झिप फाइलीच्या माथ्यावरचे ‘पीके’ म्हणजे ती पद्धत काढणारा फिल कॅट्झ. तो २००० साली अवघ्या सदतिसाव्या वर्षी गेला, पण रोज कोट्यवधी फाइलींवर त्याची सही उमटते. अभंगाच्या शेवटी संताची नाममुद्रा किंवा गझलेच्या मक्त्यात शायराचा तखल्लुस यावा तसेच हे, फक्त जागा बदलली: शेवटाऐवजी माथा. युनिक्स या संगणकप्रणालीत तर १९७३ पासूनच ‘फाइल’ नावाची आज्ञा आहे. ती फाइलीच्या नावावर विश्वास न ठेवता आत डोकावते आणि माथा वाचून प्रकार सांगते.

तळाची मुद्राही आहे. जेपेग २५५, २१७ ने संपते. पीडीएफच्या शेवटी दोन टक्क्यांची चिन्हे आणि ‘ईओएफ’ ही अक्षरे येतात. ती मिळाली नाहीत तर फाइल वाटेत तुटली असे समजावे.

नाव आणि आतला ऐवज वेगळे असणे ही जुनीच गोष्ट. दफ्तरखान्यात मोडी कागद रुमालात बांधलेले असतात, वर चिठ्ठी असते. चिठ्ठीवर एक आणि आत भलतेच, हा अनुभव संशोधकांना नवा नाही. फाइलीच्या नावामागचे टिंब आणि तीन अक्षरे ही अशीच चिठ्ठी, कुणीही बदलू शकेल अशी. २०२४ साली देशात ठिकठिकाणी पोलिसांनी इशारे दिले ते आठवत असतील. मोबाइलवर लग्नपत्रिका म्हणून फाइल येते, माणूस आनंदाने उघडतो आणि बँकेतले पैसे जातात. ती पत्रिका नसते, ‘एपीके’ म्हणजे फोनवर बसणारा प्रोग्राम असतो. हळद-कुंकवाची खूण लावून कुणी दरोड्याची चिठ्ठी धाडावी असला प्रकार. आणि इथे नुसता माथा पाहूनही भागत नाही. एपीके आतून झिपच असते, वर्डची आजकालची फाइल झिपच, एक्सेलचीही झिपच. सगळ्यांच्या माथ्यावर तेच ‘पीके’. ‘राजश्री’ने सुरू होणारी दहा पत्रे दहा प्रकारची निघतात, तेव्हा पुढच्या चार ओळी वाचाव्याच लागतात, तसे प्रोग्रामलाही गाठोडे सोडून आत कोणकोणते कागद आहेत ते पाहावे लागते.

२२ जुलै २०२१ ची रात्र आमच्या भागात कुणी विसरणार नाही. महाड बाजारपेठ पाण्याखाली, तळियेची वाडी दरडीखाली, पोलादपूर तालुक्यात केवनाळे आणि साखर सुतारवाडीवर डोंगर आला. माणसे गेली, त्यापुढे कागदांचे आणि फोटोंचे काय, असे वाटेल. पण गेलेल्या माणसाचा फोटो फोनमध्येच असेल तर? बिघडलेल्या कार्डावर पुष्कळदा फाइलींची यादी तेवढी नष्ट झालेली असते, आकडे जागच्या जागी असतात. फोटोरेकसारखे प्रोग्राम यादी बाजूला ठेवून अख्खे कार्ड धुंडाळतात. २५५, २१६, २५५ दिसले की इथे फोटो सुरू झाला असे धरून पुढचे आकडे उचलतात. नाव गेलेले असते, त्यामुळे फोटोला नुसता क्रमांक मिळतो. काही फोटो अर्धेच येतात, वर कपाळ आणि डोळे, खाली करडा पट्टा. ज्याचे माणूस गेले तो तेवढेही छापून घेतो.

एक प्रकार मात्र या सगळ्यांतून सुटतो, तो म्हणजे साधा मजकूर. त्याला माथाच नाही. पहिल्या अक्षरापासून थेट मजकूर. इंग्रजीचे त्यावाचून फारसे अडत नाही. मराठीचे अडते, कारण युनिकोड रुळण्याआधीची वीसेक वर्षे आपण जे टाइप केले ते वेगवेगळ्या फॉन्टांत, आणि प्रत्येक फॉन्टची अक्षरांची मांडणी निराळी. दिवाळी अंक, ग्रामपंचायतींचे ठराव, कितीतरी कवितासंग्रह त्या काळातल्या डिस्कांवर पडून आहेत. फाइल उघडली की इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांची खिचडी दिसते. संगणक म्हणतो, मजकूर आहे. कुठल्या भाषेचा, कुठल्या फॉन्टचा, हे त्याला सांगता येत नाही. मग भाच्यासारखे लोक प्रिन्सेपचीच युक्ती करतात. फाइलीत सगळ्यात जास्त वेळा येणारे चिन्ह शोधायचे. मराठी मजकूर असेल तर तो बहुधा काना असतो.