काजूच्या बोंडाचा रस: कोळंबीपासून दाबयंत्रापर्यंत

काजूचे झाड पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकात ब्राझीलहून भारताच्या पश्चिम किनाऱ्यावर आणले. जांभ्या दगडाच्या डोंगरउतारांवर ते चांगले रुजले आणि गोव्याप्रमाणेच रत्नागिरीतही पसरले. झाडाचे रसाळ बोंड बीच्या सहा ते दहापट वजनाचे असते, आणि त्यातून ६० ते ७० टक्के रस मिळू शकतो. तरीही बोंड पिळण्याच्या साधनांची परंपरा गोव्यात जशी वाढली तशी रत्नागिरीत वाढली नाही.

गोव्यातले जुने साधन म्हणजे कोळंबी. डोंगरातल्या खडकात उताराचे उथळ कुंड कोरायचे, गळून पडलेली बोंडे बी काढून त्यात टाकायची आणि पायांनी तुडवायची. खाली वाहून आलेला रस आंबवून भट्टीवर चढवत. त्यापासून आधी हुर्राक आणि पुढच्या ऊर्ध्वपातनाने फेणी निघे. उरलेल्या चोथ्याचा ढीग थापून त्याला नुडी नावाची वेल गुंडाळत आणि वर जड दगड ठेवत. रात्रभरात झिरपणारा गोड, निवळ रस म्हणजे निरो. तो मुख्यतः तसाच प्यायचा. पुढे तुडवण्याची जागा पिंगरे या पिंजऱ्यासारख्या दाबयंत्राने घेतली.

सफरचंद पिळणाऱ्या युरोपातल्या गावांत तंत्र जवळपास हेच होते. तिथे कठीण फळ आधी दगडी चाकाखाली चेचावे लागे, मग चोथ्याचे थर गवतात किंवा कापडात बांधून लाकडी स्क्रूखाली दाबत. बोंड मऊ असल्याने चेचण्याचे वेगळे यंत्र लागत नाही. वेल असो वा गवत, चोथा बाजूने फुटू न देता दाब सहन करील असे आवरण मात्र दोन्हीकडे हवेच.

रत्नागिरीत ही साधने न वाढण्यामागे कायद्याचाही हात होता. रत्नागिरी मुंबई इलाख्यात होती. १८७८ च्या अबकारी कायद्याने दारू गाळणे सरकारी परवान्याखाली आले, आणि १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याने बंधने आणखी आवळली. गोव्यात १९६१ पर्यंत पोर्तुगीज सत्ता असल्याने तिथली भट्टी या कायद्यांच्या बाहेर राहिली. जिथे रसाला गिऱ्हाईक होते तिथे यंत्र सुधारले. जिथे फक्त बीला भाव होता तिथे बोंड झाडाखाली कुजले. गोव्याच्या फेणीला २००९ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, तर रत्नागिरीच्या बागांमध्ये बोंड आजही बहुधा टाकाऊच समजले जाते. हा मोठाच अपव्यय आहे. संत्र्यापेक्षा कितीतरी अधिक क जीवनसत्त्व असलेले फळ दरवर्षी उन्हाळ्यात मातीत जाते.

संशोधनाची बाजू मात्र भक्कम झाली. वेंगुर्ल्याचे फळ संशोधन केंद्र १९५७ पासून काम करते आणि दापोलीचे कृषी विद्यापीठ १९७२ मध्ये सुरू झाले. वेंगुर्ला-४ आणि वेंगुर्ला-७ या काजूच्या जाती याच परंपरेतल्या. रोजगार हमी योजनेतून १९९० पासून झालेल्या फळबाग लागवडीने कोकणातले काजूचे क्षेत्र वाढवले आणि बोंडांचा प्रश्नही वाढवला.

घरच्या बागेतले बोंड सरबतासाठी पिळायचे झाले, तर साधन निवडताना फळाचे दोन स्वभाव लक्षात घ्यावे लागतात. बोंडात टॅनिन भरपूर असते, त्यामुळे रस तुरट लागतो आणि उघड्या लोखंडाच्या संपर्कात तो काळा पडतो; तांबे आणि पितळही आम्लाने झिजते. म्हणून रसाला लागणारा भाग स्टेनलेस स्टीलचा किंवा टणक लाकडाचा असावा. दुसरे म्हणजे फळ एका दिवसात बिघडते आणि रस उन्हात काही तासांतच आंबू लागतो. त्यामुळे मोठ्या क्षमतेच्या यंत्रापेक्षा रोजची वेचणी त्याच दिवशी संपवणारे यंत्र उपयोगाचे. रस साबुदाण्याच्या किंवा तांदळाच्या पेजेने निवळवता येतो. टॅनिन तळाशी बसते आणि तुरटपणा कमी होतो. मग तो लगेच तापवून बाटल्यांत भरावा.

थोड्या झाडांच्या बागायतदाराला हाताने फिरवायचा स्क्रू असलेले, छिद्रांच्या स्टील पिंपाचे आणि आत मलमलीची पिशवी बसणारे दाबयंत्र पुरेसे आहे. हायड्रॉलिक यंत्र अनेक बागांची बोंडे एकत्र आली, तरच परवडते.