जांभळ्याची पांढरी झालेली फुलं

आज फवारणीचं नाही, थोडं इतिहासाचं लिहितो. निमित्त पपईचंच.

मागच्या साली माझ्या दीड एकर पपईवर रिंगस्पॉट आला. पानं आखडली, फळांवर गोल चट्टे पडले. निम्मा प्लॉट उपटून टाकला. झाडात शिरलेल्या व्हायरसवर औषध नाही. तेव्हा ॲग्री शिकलेल्या पुतण्याने ही गोष्ट सांगितली.

1990 ची गोष्ट. अमेरिकेत कॅलिफोर्नियात कॅरोलिन नेपोली आणि रिचर्ड जॉर्गेनसेन यांना पेटुनियाचं फूल अजून गडद जांभळं करायचं होतं. म्हणून रंगाच्या जीनची जादा प्रत झाडात घातली. झालं उलटं. कितीतरी झाडांना पांढरी नाहीतर चट्ट्यापट्ट्यांची फुलं आली. घातलेला जीन तर बंद पडलाच, झाडाचा स्वतःचाही बंद पडला!

1992 ला इटलीत रोमला मासिनोंच्या प्रयोगशाळेत नारंगी बुरशीवर तसाच प्रयोग केला, तर बुरशीही पांढरी पडली.

पुतण्याने समजावलं ते असं. जीन म्हणजे तलाठ्याकडचं मूळ दप्तर. काम चालतं ते त्याच्या नकलेवर. त्या नकलेला आरएनए म्हणतात. दप्तर जागेवरच होतं, पण नक्कल मधेच फाडली जात होती. 1998 मध्ये अँड्र्यू फायर आणि क्रेग मेलो यांनी एका बारीक कृमीवर दाखवून दिलं, की दुहेरी धाग्याचा आरएनए दिसला की पेशी त्याच मजकुराच्या नकला फाडते. पुढच्याच वर्षी इंग्लंडात हॅमिल्टन आणि बोल्कम यांना झाडांत त्या कामाचे आरएनएचे बारीक तुकडे सापडले. 2006 चं नोबेल मात्र फक्त फायर आणि मेलोंना मिळालं. फुलवाले राहिले बाजूला.

आता पपई. रिंगस्पॉटचा व्हायरस म्हणजे मुळात आरएनएच. हवाई बेटावर 1992 ला हा रोग पपईच्या मुख्य पट्ट्यात, पुना भागात घुसला. डेनिस गोन्साल्विस आणि त्यांच्या सोबत्यांनी व्हायरसचाच एक जीन पपईत घातला. 1998 ला ते बियाणं शेतकऱ्यांच्या हातात पडलं आणि बागा पुन्हा उभ्या राहिल्या. झाड व्हायरसची नक्कल ओळखून फाडतं, हे त्यामागचं कारण. बियाणं वाटलं तेव्हा ते पुरतं उमगलंही नव्हतं.

माणसापर्यंतही हे पोचलं. यकृतात बिघडलेलं प्रथिन तयार होऊन नसांत साठतं, असा एक आनुवंशिक आजार आहे. त्यावर 2018 ला अमेरिकेत पॅटिसिरान औषधाला मंजुरी मिळाली. तेही नक्कलच फाडतं.

आपल्याकडे तसलं पपईचं बियाणं नाही. तोवर आपलं तेच: कडेने मक्याच्या ओळी, माव्यावर लक्ष, रोगट झाड दिसताच बाहेर. पण एक शिकलो. वेगळं, उलटं आलेलं झाड दिसलं की उपटायच्या आधी फोटो काढा, तारीख लिहून ठेवा. त्या दोघांनी पांढरी फुलं बिघाड म्हणून फेकली असती, तर?

तुमच्याकडे यंदा पपईचं कसं काय? खाली लिहा.