चौक लिहिणाऱ्या हातांचे नाव
(सामुदायिक रेडिओवरील भाषण)



आज आम्ही तुम्हाला मुंबईतल्या एका चित्रांच्या गॅलरीची गोष्ट सांगणार आहोत. तुम्ही म्हणाल, कुठे मुंबईची गॅलरी आणि कुठे आपला बचत गट! पण या गॅलरीत १९७५ साली जी चित्रे टांगली गेली, त्यांची मुळे डहाणू-तलासरीच्या पाड्यांवरच्या कुडाच्या भिंतीत होती. आणि त्या भिंतींवर पिढ्यान् पिढ्या चित्रे काढली ती बायकांनी. म्हणून ही गोष्ट आपली आहे. ती नीट समजली, तर आपण विणतो, शिवतो, रंगवतो, त्या कामाला नाव आणि दाम कसे मिळते, तेही समजेल.

आधी गॅलरी म्हणजे काय ते पाहू. मुंबईत काळा घोडा भागात जहांगीर आर्ट गॅलरी आहे. सर कावसजी जहांगीर यांच्या देणगीतून ती १९५२ साली उभी राहिली. तिथली दालने चित्रकार काही दिवसांसाठी भाड्याने घेतात, आपली चित्रे मांडतात आणि आपणच विकतात. आठवडी बाजारात आपण जागेची पावती फाडून पाल लावतो, तसेच काहीसे.

दुसरी असते व्यापारी गॅलरी. तिचा मालक किंवा मालकीण चित्रकार निवडते, चित्रांना चौकटी करते, निमंत्रणे छापते, किमती ठरवते, गिऱ्हाइकांना बोलावते. चित्र विकले गेले की त्याच्या शेजारी लाल टिकली चिकटवतात. आलेल्या पैशातला एक वाटा गॅलरीचा, उरलेला चित्रकाराचा. गॅलरीचा वाटा बहुधा एक तृतीयांशापासून निम्म्यापर्यंत असतो. आपल्याला हा आकडा मोठा वाटेल. पण चित्रकाराला गिऱ्हाईक शोधत हिंडावे लागत नाही, आणि त्याचे नाव लोकांपर्यंत नेण्याचे कामही गॅलरीच करते.

आपल्या गोष्टीतली गॅलरी या दुसऱ्या प्रकारची. तिचे नाव केमोल्ड. केकू गांधी नावाच्या पारशी गृहस्थांनी १९४१च्या सुमारास मुंबईत चित्रांच्या चौकटी बनवण्याचा धंदा सुरू केला. केमिकल आणि मोल्डिंग या दोन शब्दांतून केमोल्ड हे नाव तयार झाले. त्या काळी तरुण चित्रकारांची चित्रे मांडायला जागा नव्हती. केकूंनी आपल्या दुकानाच्या काचेत चौकटीबरोबर त्यांची चित्रेही लावायला सुरुवात केली. लोक चौकट घ्यायला येत आणि चित्र बघून जात. पुढे १९६३ साली जहांगीर आर्ट गॅलरीच्याच इमारतीत, पहिल्या मजल्यावरच्या लहानशा जागेत केमोल्ड गॅलरी उघडली.

नाव केकूंचे पुढे येत असले, तरी गॅलरीचा रोजचा कारभार त्यांच्या पत्नी खोर्शेद गांधी बघत. १९८८पासून ही जबाबदारी त्यांची मुलगी शिरीन गांधी यांनी घेतली. म्हणजे आधुनिक चित्रांच्या या दुकानाचा गाडा किती तरी वर्षे बायकांनीच हाकला आहे.

आधुनिक चित्रकला म्हटले की बुजायला होते. सोपे करून सांगायचे, तर पूर्वी राजाच्या हुकुमाने, देवळासाठी किंवा गिऱ्हाइकाच्या सांगण्यावरून चित्र काढले जाई. आधुनिक चित्रकार काय काढायचे आणि कसे काढायचे हे स्वतः ठरवतो. केमोल्डमध्ये हुसेन, तैयब मेहता अशा नामवंतांची चित्रे लागली. बडोद्याच्या भूपेन खक्करांची प्रदर्शनेही इथे झाली. ते शिकलेले हिशेबनीस. त्यांनी शिंपी, न्हावी, घड्याळ दुरुस्त करणारा अशी साधी माणसे चित्रात आणली. मोठ्या चित्रात राजेराण्याच असल्या पाहिजेत ही समजूत तिथे मोडली.

आता येऊ १९७५च्या प्रदर्शनाकडे. त्या साली केमोल्डमध्ये जिव्या सोमा म्हसे यांची चित्रे मांडली गेली. डहाणू तालुक्यातल्या गंजाडचे हे वारली चित्रकार. तो भाग तेव्हा ठाणे जिल्ह्यात होता, आज पालघर जिल्ह्यात आहे. गेरूच्या तांबड्या रंगावर पांढऱ्या रेघांची माणसे: दोन त्रिकोण टोकाला टोक लावून जोडलेले, वर गोल डोके, काडीसारखे हातपाय. तारप्याभोवती फेर धरून नाचणारी, भात लावणारी, जाळे टाकणारी. शहरातल्या रसिकांना ही चित्रे अगदी नवी वाटली.

पाड्यावर मात्र ती फार जुनी होती. वारल्यांच्या घरात लग्न ठरले की भिंत शेणामातीने सारवतात, गेरू देतात. मग सवाष्णी तांदूळ वाटून त्याचे पांढरे पाणी करतात, बांबूच्या काडीचे टोक ठेचून तिची लेखणी करतात आणि भिंतीवर चौक मांडतात. वारली माणसे याला चौक काढणे म्हणत नाहीत, चौक लिहिणे म्हणतात. चौकात मधोमध पालघट देवी. भोवती झाडे, जनावरे, नाचणारी माणसे, सूर्य-चंद्र, शिडी, फणी. शेजारी छोट्या देवचौकात घोड्यावर बसलेला पंचशिर्या देव. धवलेरी गाणी म्हणते, देवांना लग्नाला बोलावते. चौक लिहिल्याशिवाय लग्न लागत नाही, इतका त्याला मान.

या चित्राखाली कुणी नाव लिहीत नसे. लिहायचे तरी कशाला? लिहिणाऱ्या बायका घरच्या, बघणारे भावकीतले. कुणाचा हात चांगला हे साऱ्या पाड्याला ठाऊक असे. लग्न होऊन जाई, भिंत पुन्हा सारवली जाई आणि चित्र मातीखाली जाई. पुढच्या लग्नाला नवा चौक. आपण रोज सकाळी रांगोळी काढतो आणि दुसऱ्या दिवशी पुसतो, तसेच.

मग हे चित्र कागदावर कसे आले? त्यासाठी थोडा वेळ बिहारला जाऊ. १९६६-६७च्या सुमारास तिथे भीषण दुष्काळ पडला. बायकांच्या हाताला काही काम मिळावे म्हणून हस्तकला मंडळाच्या पुपुल जयकर यांनी भास्कर कुलकर्णी या मराठी चित्रकाराला तिकडच्या मिथिला भागात पाठवले. तिथल्या बायकाही लग्नघरात कोहबर नावाची चित्रे भिंतीवर काढत. कुलकर्णींनी त्यांच्या हाती कागद दिला. चित्रे विकली जाऊ लागली, चूल पेटली. चित्रांबरोबर त्या बायकांची नावेही बाहेर पडली. १९७५ साली मिथिलेच्या जगदंबा देवींना पद्मश्री मिळाली, १९८१ साली सीता देवींना, १९८४ साली गंगा देवींना.

हेच कुलकर्णी १९७०नंतर डहाणू भागात आले. इथेही त्यांनी कागद दिला. पण इथे तो कागद पोचला आणि टिकला तो मुख्यतः पुरुषांच्या हाती. त्यांत पहिले नाव जिव्या म्हसे यांचे. लहानपणी आई गेली आणि धक्क्याने त्यांचे बोलणेच बंद झाले, धुळीत चित्रे काढून ते मनातले सांगत, असे त्यांच्याबद्दल सांगतात. चौक लिहिणे हे सवाष्णींचे काम, लग्नापुरते. पुरुषाने एरवीही चित्र काढत बसावे अशी रीत नव्हती. ती जिव्यांनी मोडली. बायकांचे बघून शिकले आणि पुढे स्वतःची भर घातली. त्यांनी काढलेले मासेमारीचे जाळे बघताना डोळे थकतात, इतक्या बारीक रेघा. त्यांची कला खरीच मोठी होती, यात शंका नाही. १९७६ साली त्यांना राष्ट्रीय पुरस्कार मिळाला, २०११ साली पद्मश्री. पॅरिससारख्या शहरांत त्यांची चित्रे लागली. मे २०१८ मध्ये ते गेले.

त्यांच्या मागोमाग पाड्यापाड्यावरची पोरे चित्रे काढू लागली. मजुरीला, वीटभट्टीवर जाणाऱ्या घरांना चार पैसे मिळाले. ही फार मोठी गोष्ट झाली.

पण भिंत सोडून कागदावर येताना काय बदलले, तेही बघितले पाहिजे. चित्र पुसायचे थांबले, टिकू लागले, म्हणून विकता येऊ लागले. धवलेरीचे गाणे मागे राहिले, कारण गाण्याला चौकट घालता येत नाही. आणि चित्राला नाव लागले. बाजारात नाव लागते ते कागद हाती घेऊन गावाबाहेर जाणाऱ्याचे. मुंबईची गाडी पकडायची, परक्या माणसांशी बोलायचे, चार रात्री बाहेर राहायचे, हे तेव्हा पुरुषाला जमत होते. घर, लेकरे, शेत आणि पाणी अंगावर घेतलेल्या बाईला ते सोपे नव्हते. यात कुणा एकाने कुणाचे हिसकावून घेतले, असे आम्ही म्हणत नाही. पण ज्या हातांनी शेकडो वर्षे चौक लिहिला, त्यांतल्या एकाही बाईचे नाव १९७५च्या त्या भिंतीवर नव्हते.

मिथिलेत कागद थेट बाईच्या हाती गेला आणि नाव बाईचे झाले. डहाणूत तसे झाले नाही. कला तशीच लग्नाची, भिंतीची, बायकांची. फरक पडला तो कागद कुणाच्या हाती राहिला आणि बाहेर कोण गेले यामुळे. आम्हाला वाटते, या साऱ्या इतिहासातून लक्षात ठेवायची गोष्ट ती हीच.

याच गॅलरीचे आणखी एक प्रदर्शन सांगतो. २००७ साली केमोल्ड मुंबईतच फोर्ट भागात, प्रेस्कॉट रोडवर मोठ्या जागेत गेली. तिथे २०१२ साली शकुंतला कुलकर्णी या चित्रकार बाईंनी वेताची चिलखते मांडली. लढाईत शिपाई घालतो तशी अंगभर चिलखते, पण वेताची विणलेली. वेतकाम करणाऱ्या कारागिरांबरोबर बसून त्यांनी ती घडवली. ती अंगावर चढवून त्या मुंबईतल्या रहदारीच्या जागी उभ्या राहिल्या आणि त्याचे फोटो काढले. बाईला घराबाहेर पडताना अंगावर चिलखत घालावेसे का वाटते, हा त्यांचा प्रश्न. आणि तेच चिलखत पिंजरा कधी होते, हा दुसरा. टोपली, सूप, कणगी ज्या विणकामाने होते, त्याच विणकामातून बाईने स्वतःच्या नावाने एवढा मोठा प्रश्न विचारला.

आता वारली चित्रांची आजची गोष्ट. कपबशी, चादर, साडी, शाळेची भिंत, जिकडे बघाल तिकडे ही चित्रे दिसतात. त्यांतली किती तरी यंत्रावर छापलेली असतात. त्यांचा पैसा पाड्यावर पोचत नाही. २०१४ साली वारली चित्रकलेला भौगोलिक मानांकन मिळाले. म्हणजे ही कला या मुलखातल्या या लोकांची आहे, अशी सरकारदरबारी नोंद झाली. आज पाड्यांवरच्या अनेक बायकाही कागदावर, कापडावर चित्रे काढतात आणि खाली आपले नाव लिहितात. मात्र मानांकन सगळ्या समाजाचे असते. एकेका बाईचे नाव तिच्या कामावर आहे की नाही, हे तिला आणि तिच्या गटालाच बघावे लागते.

म्हणून चार साध्या गोष्टी सांगतो. गोधडी असो, टोपली असो, चित्र असो, मागच्या बाजूला करणाऱ्या बाईचे नाव, गाव आणि साल लिहा. द्यायच्या आधी तिचा फोटो काढून ठेवा. कुणी माल विकायला नेला, तर किती नग नेले, विकल्यावर त्याचा वाटा किती आणि पैसे कधी, हे कागदावर लिहून सही घ्या. आणि शहरात प्रदर्शन असेल, तर माल करणाऱ्या बायकांपैकी निदान दोघींनी स्वतः जावे. त्यांची लेकरे आणि गुरे गटाने सांभाळावीत. जगदंबा देवींचे नाव झाले, त्या धवलेरीचे राहून गेले. आपल्या गटात कुणाचे राहून जाऊ नये.

गटाच्या बैठकीत बोलण्यासाठी तीन प्रश्न देतो.

१. आपल्या गावात बायकांची अशी कोणती कला आहे, जिच्याखाली कुणाचेच नाव नाही?
२. ती सगळ्यात चांगली येणारी म्हातारी कोण? तिचे नाव आपण कुठे लिहून ठेवले आहे का?
३. गटाचा माल बाहेर कोण नेते? पुढच्या वेळी कोण जाईल?

उत्तरे गटाच्या वहीत लिहा. तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर मात्र नावानिशी लिहा. पुढच्या भागात पुन्हा भेटू. नमस्कार.