दहा राग, एक जपानी यंत्र आणि ‘हाऊस’चे पितृत्व (थ्रेड)

१९८२. मुंबईत एचएमव्हीने एक ध्वनिमुद्रिका काढली. नाव होते ‘सिंथेसायझिंग : टेन रागाज टू अ डिस्को बीट’ आणि वादक होते चरणजित सिंग. भैरवी, ललत, भूपाली, तोडी, मधुवंती, मेघमल्हार, यमन, कलावती, मालकंस, बैरागी असे दहा राग तीत होते. तबला नव्हता, गायक नव्हता. मुद्रिका खपली नाही आणि लवकरच विस्मरणात गेली.

पुढे एदो बाउमन या डच संग्राहकाच्या हाती तिची एक जुनी प्रत लागली. त्याने मुंबईत येऊन सिंग यांना शोधून काढले आणि २०१० मध्ये ‘बॉम्बे कनेक्शन’ या आपल्या कंपनीतर्फे ती पुन्हा प्रसिद्ध केली. युरोपातील श्रोते चक्रावले. जो आवाज १९८७ मध्ये शिकागोत जन्मला असे सर्व पुस्तके सांगतात, तो मुंबईत पाच वर्षे आधी कसा? ही कोणा युरोपीय संगीतकाराने रचलेली थट्टा असावी, असाही संशय काहींनी घेतला.

तेव्हापासून दर काही महिन्यांनी एक वाक्य समाजमाध्यमांवर फिरते : ‘हाऊस संगीताचा शोध भारतीयाने लावला.’ छाती फुगवणारे हे वाक्य इतिहासाच्या कसोटीवर टिकत नाही. ते का टिकत नाही हे पाहताना मात्र मुंबई आणि शिकागो या दोन्ही शहरांविषयी बरेच काही हाती लागते.

प्रथम शिकागो. हाऊसचे मूळ कृष्णवर्णीयांच्या सोल संगीतात आहे. १९७३ च्या सुमारास फिलाडेल्फियातील अर्ल यंग या ढोलवादकाने चारही मात्रांवर समान ठोका ठेवण्याची पद्धत रूढ केली. डिस्कोचा पाया तोच. १९७७ मध्ये शिकागोत ‘वेअरहाऊस’ नावाचा क्लब सुरू झाला आणि तेथे न्यूयॉर्कहून आलेला फ्रँकी नकल्स रात्र रात्र सोल व डिस्कोच्या तबकड्या एकमेकींत मिसळून वाजवू लागला. येणारे बहुतेक कृष्णवर्णीय व लॅटिनो समलिंगी तरुण. बाहेरच्या शहरात त्यांना फारशी जागा नव्हती. ‘वेअरहाऊस’मध्ये वाजते ते ‘हाऊस’, इतकी साधी या नावाची कथा.

१२ जुलै १९७९ रोजी याच शहरातील कोमिस्की पार्क मैदानावर, बेसबॉलच्या दोन सामन्यांच्या मधल्या वेळेत, एका रेडिओ निवेदकाने डिस्कोच्या तबकड्यांचा ढीग स्फोटाने उडवून दिला. मैदानात दंगल उसळली. त्या दिवशी तेथे काम करणारा विन्स लॉरेन्स हा कृष्णवर्णीय मुलगा पुढे सांगत असे, की लोकांनी जाळायला आणलेल्या अनेक तबकड्या डिस्कोच्या नव्हत्याच. त्या केवळ काळ्या कलावंतांच्या होत्या. १९८४ मध्ये जेसी सॉन्डर्सचे ‘ऑन अँड ऑन’ आले. तबकडीवर उतरलेले पहिले हाऊस गीत म्हणून त्याचा निर्देश होतो, आणि त्याच्या रचनेत याच लॉरेन्सचा हात होता.

आता मुंबई. येथे त्याच काळात डिस्को ऐन भरात होता. ‘कुर्बानी’ १९८० चा, ‘डिस्को दीवाने’ १९८१ ची, ‘डिस्को डान्सर’ १९८२ चा. या गाण्यांमागे स्टुडिओत बसणारे शेकडो वादक होते आणि त्यांची नावे चित्रपटाच्या पाटीवर क्वचितच येत. चरणजित सिंग त्यांपैकीच एक. गिटार, बास, ट्रान्झिकॉर्ड, सिंथेसायझर अशी अनेक वाद्ये ते वाजवत. ‘दम मारो दम’ची सुरुवात आठवावी : तेथे जो अखंड गुंजणारा सूर लागतो, तो त्यांच्या ट्रान्झिकॉर्डचा. गाणे पिढ्यांच्या ओठी राहिले. तो सूर कोणाचा, हे मोजक्यांनाच ठाऊक.

अशा वादकांना स्वतःचे नाव मिळण्याची एकच वाट होती : चित्रपटगीतांच्या धुना वाद्यावर वाजवलेली तबकडी. पुण्याच्या इनॉक डॅनियल्स यांचे अ‍ॅकॉर्डियन अशाच तबकड्यांमधून घराघरांत पोहोचले. सिंग यांच्याही अशा तबकड्या निघाल्या आणि लग्नसमारंभांत त्यांचा वाद्यवृंद वाजे. १९८२ ची मुद्रिका या परंपरेतलीच. फरक एवढाच की, या वेळी धून चित्रपटाची नव्हती.

सिंगापूरहून त्यांनी रोलँड या जपानी कंपनीची नवी यंत्रे आणली होती. ज्युपिटर-८ हा सिंथेसायझर, टीआर-८०८ हे तालयंत्र आणि टीबी-३०३ ही रुपेरी रंगाची छोटी पेटी. एकट्या गिटारवादकाला बासची साथ मिळावी, एवढ्याच हेतूने ही पेटी बनली होती. त्या कामात ती साफ नापास झाली; तिचा आवाज खऱ्या बाससारखा मुळीच वाटेना आणि स्वर भरण्याची रीत किचकट. १९८४ पर्यंत तिचे उत्पादन थांबले.

पण या नापास पेटीत एक सोय होती : एका स्वरावरून दुसऱ्यावर घसरत जाण्याची. पाश्चात्त्य बासवादकाला तिचे अप्रूप नसेल; राग वाजवू पाहणाऱ्याला मात्र हवी ती गोष्ट, म्हणजे मींड, तीत सापडते. हार्मोनियमला जे जमत नाही म्हणून कित्येक वर्षे आकाशवाणीवर तिला मज्जाव होता, ते या पेटीला थोडेफार जमत होते.

सिंग यांनी पुढे मुलाखतीत आपला विचार साध्या शब्दांत सांगितला. चित्रपटांत सर्वत्र डिस्को चालला होता. मग तबला बाजूला ठेवून डिस्कोच्या ठेक्यावर राग का वाजवू नये? या विचारामागून एक परिणाम आपोआप आला, आणि सगळे प्रकरण समजण्याची किल्ली तोच आहे. डिस्को उभा असतो स्वरसंघांच्या म्हणजे कॉर्डच्या चढउतारावर. रागाला कॉर्ड चालत नाहीत. कॉर्ड बदलला की षड्जाचे स्थान डळमळते आणि राग मोडतो. सिंग यांना डिस्कोतून कॉर्ड काढून टाकावेच लागले. व्हायोलिनांचा ताफा, ब्रास, कोरस असे सारे गेल्यावर उरले काय? न थांबणारा ठोका, एका आधारस्वराभोवती फिरणारी बासची साखळी आणि वर सरकता सूर.

शिकागोतील तरुणही अशाच वजाबाकीतून जात होते, पण कारण वेगळे होते. नाचणाऱ्यांना गाण्यातील गाणे नको होते, ठेक्याचा तुकडा लांबलेला हवा होता. डीजे तो तुकडा पुन्हा पुन्हा वाजवत, आणि नंतर स्वस्त यंत्रांवर तेवढाच तुकडा रचू लागले. जमैकात किंग टबीनेही रेगेच्या गाण्यांतून गळा व गिटार काढून ढोल आणि बास उघडे केले, ते याच्याही आधी, १९७० च्या दशकाच्या आरंभी. टबी मुळात विजेची उपकरणे दुरुस्त करणारा. यंत्राच्या पोटात हात घालण्याची भीती त्याला नव्हती.

(जव्हार-मोखाड्याच्या वाचकांना यात नवे काय, असा प्रश्न पडू शकेल. वाळलेल्या भोपळ्याचा तारपा वाजवणारा श्वास तुटू देत नाही. फुंक चालू असतानाच नाकाने हवा भरून घेतो. काठीचा ठोका जमिनीवर पडत राहतो, नाचाचा फेर फिरत राहतो. न तुटणारा सूर आणि न थांबणारा ठेका यांची जोडी विजेची वाट पाहत बसलेली नव्हती.)

मग जनक कोण? सिंग यांची तबकडी शिकागोत कोणी ऐकल्याचा पुरावा नाही. तिच्यापासून कोणी काही उचलले नाही, तिच्यामागे क्लब नव्हता, नाचणारा समुदाय नव्हता. वंशावळीत ज्याला अपत्य नाही त्याला पितृत्व देता येत नाही. आणि ज्या तरुणांच्या तबकड्या मैदानावर उडवल्या गेल्या, त्यांच्याकडून त्यांनी घडवलेली गोष्टही काढून घेणे हा तर निव्वळ अन्याय आहे. सिंग यांनी स्वतः ही मुद्रिका एक प्रयोग म्हणूनच सादर केली होती. मिरवणूक निघाली ती इतरांची.

खात्री करायची असेल, तर दोन ध्वनिमुद्रणे पाठोपाठ ऐकावीत. आधी सिंग यांची भैरवी, मग शिकागोच्या ‘फ्यूचर’ या त्रिकुटाचे १९८७ चे ‘अ‍ॅसिड ट्रॅक्स’. पेटी तीच, टीबी-३०३. फ्यूचरने ती जुन्या बाजारातून मिळवली आणि ती वाजत असताना तिच्या कळी पिळल्या. त्यांची स्वरांची साखळी जवळपास तीच राहते, बदलतो तो आवाजाचा पोत : बोथट, मग टोकदार, मग किंचाळणारा. ‘म्युझिक बॉक्स’ क्लबमध्ये रॉन हार्डीने ती फीत प्रथम वाजवली तेव्हा नाचणारे निघून गेले. त्याने त्याच रात्री ती पुन्हा पुन्हा लावली आणि अखेर गर्दी बेभान झाली, असे सांगतात.

सिंग यांच्या भैरवीत उलट आहे. पोत बव्हंशी स्थिर, स्वर मात्र सतत पुढे जाणारे : कोमल ऋषभ, कोमल गंधार, परत षड्ज. एकाचे बोट कळीवर आहे, दुसऱ्याचे स्वरावर.

पुनर्प्रकाशनानंतर सत्तरी ओलांडलेले सिंग युरोपात जाऊन आपले राग तरुण श्रोत्यांपुढे वाजवून आले. जुलै २०१५ मध्ये मुंबईत त्यांचे निधन झाले. फ्रँकी नकल्स त्याच्या सव्वा वर्ष आधी, मार्च २०१४ मध्ये, शिकागोत वारला होता.