स्वार्थ : एक बदनाम शब्द

‘स्वार्थी’ ही आज जवळजवळ शिवीच. पण ‘स्व’ आणि ‘अर्थ’ या जोडणीत वाईट काहीच नाही. संस्कृतात ‘अर्थ’ म्हणजे हेतू, धन, शिवाय शब्दाचा आशयही. म्हणून ‘बाल’चा ‘बालक’ झाला की वैयाकरण म्हणतात, ‘क’ प्रत्यय स्वार्थे लागला. म्हणजे मूळ अर्थ जागच्या जागी. तर्कशास्त्रात धूर पाहून स्वतःपुरते ‘आग आहे’ असे ताडले तर ते स्वार्थानुमान, दुसऱ्याला पटवून दिले तर परार्थानुमान. पहिले करणाऱ्याला कुणी आपलपोटा म्हणत नाही! अरबीतून आलेल्या ‘मतलब’चीही हीच गत : आशयही तोच आणि आपमतलबीपणातला मतलबही तोच.

नीतिशास्त्रात मात्र शब्द जपून वापरावा लागतो. माणूस स्वतःचेच हित पाहतो, हे झाले निरीक्षण. त्याने तेच पाहावे, हा झाला नीतिविचार. या दोहोंची सरमिसळ सर्रास होते. टिळकांनी ‘गीतारहस्या’त (१९१५) चार्वाकाच्या उघड स्वार्थापासून इंग्रज तत्त्वज्ञ हॉब्जचा दूरदर्शी स्वार्थ वेगळा काढला होता. आपण दोन्ही एकाच पोत्यात भरतो. वेळेवर औषध घेणे हे स्वहित. त्यासाठी रांग मोडणे हा स्वार्थ. निदान लिहिताना तरी हे दोन शब्द वेगळे ठेवा.