निखाऱ्याचे कुळशील

आमच्या घराण्यात जावई आणि वस्तू, दोन्ही कुळशील पाहूनच घरात घेतात. त्यामुळे विजेचं ग्रिल घेण्याचा ठराव (सूचक : चिरंजीव, अनुमोदक : सौ.) घरात मंजूर झाला, तेव्हा किमतीआधी मी त्याचा इतिहास उघडला. बँकेतला माणूस मागची नोंद पाहिल्याशिवाय सही करत नाही.

मूळपुरुष निघाले अमेरिकेतले अल्बर्ट मार्श. तारेतून वीज गेली की तार किती तापते, याचं गणित ज्यूलसाहेबांनी १८४१ सालीच मांडलं होतं. अडचण एवढीच, की लालभडक तापवलेली तार हवेत लवकरच जळून तुटायची. मार्शने निकेलमध्ये साधारण पाचवा हिस्सा क्रोमियम मिसळलं आणि १९०६ साली पेटंट मिळवलं. हीच नायक्रोमची तार. होस्टेलात रेक्टरची नजर चुकवून ज्या शेगडीवर पिढ्यान् पिढ्या चहा उकळला, तिच्या पोटातलं वेटोळं ते हेच.

दुसरे पूर्वज रॉय प्लंकेट. ६ एप्रिल १९३८ रोजी ड्यूपाँटच्या प्रयोगशाळेत त्यांच्यापुढे एक सिलिंडर होता. वजनाला भरलेला, पण चावी उघडली तर वायूच येईना! आपल्याकडे असं झालं की बायको एजन्सीला फोन लावते. प्लंकेटनी सिलिंडरच कापला. आत वायूची बुळबुळीत पांढरी पूड झालेली. तिचं नाव पुढे टेफ्लॉन पडलं, आणि तव्याला चिकटणं हा धिरड्याचा जन्मसिद्ध हक्क गेला.

तिसरे जॉर्ज फोरमन, धंद्याने मुष्टियोद्धे. १९७४ साली किन्शासात मुहम्मद अलीने त्यांची गादी घेतली. वीस वर्षांनी, वयाच्या पंचेचाळिसाव्या वर्षी, त्यांनी ती पुन्हा जिंकली. माझ्या वयाच्या माणसाला जिना चढतानासुद्धा हे आठवून बरं वाटतं. त्याच १९९४ साली त्यांच्या नावाचं ग्रिल बाजारात आलं. दोन्ही बाजूंनी तापणाऱ्या दोन पट्ट्या, आणि खालची उतरती, म्हणजे सुटलेली चरबी तापल्या जागी जळून धूर न करता समोरच्या तबकडीत. १९९९ साली कंपनीने ते नाव वापरण्याच्या हक्कापोटी १३ कोटी ७५ लाख डॉलर मोजले. फोरमनसाहेबांनी पाचही मुलांची नावं जॉर्जच ठेवली होती. एवढ्या किमतीचं नाव कोण वाया घालवील!

कुळ उत्तम. आता शील. चिरंजिवांना पनीरवर काळे पट्टे हवे होते. सौ.ला सुट्या होणाऱ्या पट्ट्या हव्या होत्या, कारण विजेचं यंत्र काही नळाखाली धरता येत नाही. मी हिशेब मांडला : १५०० वॉट, वीस मिनिटं, म्हणजे अर्धा युनिट. परवडतं. पण सहा अँपिअरच्या पिनेवर २३० व्होल्टला १३८० वॉटच बसतात. म्हणजे सोळाची पिन हवी. आमच्या स्वयंपाकघरातली ती एकुलती एक पिन ओट्यामागे.

आईने पहिल्याच दिवशी विचारलं होतं, ''त्यात भरताचं वांगं भाजतं का?''

''अख्खं नाही. काप करून.''

''मग ते भरीत नव्हे,'' असा निकाल देऊन ती जपाला बसली होती. मी तिचं मत विरोधी धरून चाललो होतो. माझी पिनेची चर्चा रंगात आली, तेव्हा माळ थांबली.

''अरे, ते टेबलावर ठेवता येतं का?''

''येतं. पण वायर आखूड असते, आणि असल्या यंत्राला साधा एक्स्टेन्शन बोर्ड चालत नाही.''

''मग टेबलापाशी पिन करून घे. चाळीस वर्षं मी तुम्हा सगळ्यांना गरम गरम वाढलं आणि मागाहून एकटीनं गार जेवले. आता ही तेच करतेय. त्या यंत्रापायी ती आपल्याबरोबर बसणार असेल, तर आण. वांगं मी गॅसवर भाजीन.''

सौ. फोडणीकडे बघत राहिली. चिरंजिवांनी पट्ट्यांचा विषय काढला नाही.

ग्रिलच्या आधी घरी वायरमन आला. सोळाची पिन, जाड वायर, मजुरी धरून खर्च माझ्या अंदाजपत्रकाबाहेर गेला. बिलावर मी एकही शेरा न मारता सही केली.