नेमबाजीच्या रायफलीचा दस्ता

रायफलीची नळी व गोळी डागण्याची यंत्रणा ज्या भागात बसविलेली असते आणि जो भाग नेमबाज खांद्याला व गालाला टेकवितो, त्यास दस्ता म्हणतात. ५० मी. अंतरावरील स्पर्धांत ५.६ मिमी. (.२२ इंच) व्यासाची रिमफायर रायफल वापरतात. तिच्या काडतुसातील स्फोटक तळाच्या कडेत भरलेले असते. अशी काडतुसे फ्रान्समध्ये फ्लोबेर यांनी १८४५ च्या सुमारास प्रचारात आणली. आज रूढ असलेले ‘.२२ लाँग रायफल’ काडतूस १८८७ मध्ये अमेरिकेत तयार झाले.

या गोळीचा वेग सेकंदास सु. ३३० मी., म्हणजे मोठ्या रायफलींच्या मानाने कमी असतो. ती नळीबाहेर पडण्यापूर्वीच रायफल मागे सरकू लागते. अशा वेळी यंत्रणा दस्त्यात किंचित हलली, तरी नेम चुकतो. नळीची दिशा एका अंशाच्या साठाव्या भागाने बदलल्यास ५० मी. वर सु. १४.५ मिमी. फरक पडतो, लक्ष्यावरील दहा गुणांच्या वर्तुळाचा व्यास मात्र केवळ १०.४ मिमी. असतो.

पूर्वी दस्ते बहुधा अक्रोडाच्या अखंड लाकडाचे करीत. लाकूड दमट हवेत फुगते व कोरड्या हवेत आकसते. त्यामुळे नळीवरील दाब ऋतुमानाप्रमाणे बदलतो. मुळशी तालुक्यासारख्या अतिपर्जन्याच्या प्रदेशात हा दोष विशेष जाणवतो. त्यावर उपाय म्हणून नळीभोवती मोकळी जागा ठेवणे, यंत्रणेची बैठक एपॉक्सी रेझिनाने घट्ट भरणे व स्क्रू ठराविक ताणाने आवळणे या पद्धती रूढ झाल्या. पुढे लाकडी पातळ थर चिकटवून केलेले व ॲल्युमिनियमचे दस्ते आले. तथापि सदोष नळी किंवा असमान काडतुसे यांचे दोष दस्त्याने दूर होत नाहीत.

दस्त्याचे दुसरे कार्य नेमबाजाच्या शरीराशी जुळणे हे होय. राष्ट्रीय छात्रसेनेच्या प्रशिक्षणातील .२२ रायफलीचा दस्ता ठराविक मापाचा असल्याने छात्राला आपले शरीर रायफलीशी जुळवून घ्यावे लागते. स्पर्धेच्या रायफलीत गालपट्टी, खांद्याकडील पट्टी व हाताचा आधार सरकविता येत असल्याने रायफलच शरीराशी जुळविता येते. १९५२ च्या हेल्सिंकी ऑलिंपिकपासून गुडघ्यावर बसून, पालथे झोपून व उभे राहून अशा तीन स्थितींची ५० मी. स्पर्धा भरू लागली. प्रत्येक स्थितीसाठी दस्त्याची मांडणी निराळी लागत असल्याने या सुधारणेचे महत्त्व वाढले. मात्र रायफलीचे वजन कमाल ८ किग्रॅ. असावे, असा नियम आहे.

सूस हे गाव २०२१ मध्ये पुणे महानगरपालिकेत समाविष्ट झाले. त्याच्या परिसरातील म्हाळुंगे-बालेवाडी येथे १९९४ च्या राष्ट्रीय क्रीडा स्पर्धांसाठी श्री शिवछत्रपती क्रीडासंकुल उभारण्यात आले. तेथे नेमबाजीचे केंद्र आहे. कोल्हापूरच्या तेजस्विनी सावंत यांनी २०१० मध्ये म्यूनिक येथे ५० मी. पालथ्या स्थितीतील जागतिक विजेतेपद मिळविले. बालेवाडीत सराव केलेले, कोल्हापूर जिल्ह्यातील स्वप्निल कुसाळे यांनी २०२४ च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये तीन स्थितींच्या स्पर्धेत ४५१.४ गुणांसह कांस्यपदक पटकाविले. या प्रकारातील भारताचे हे पहिले ऑलिंपिक पदक होय. नेमबाजाचे कौशल्य दस्त्यात नसते. परंतु प्रत्येक वेळी तीच पकड व तीच स्थिती साधता आली, तरच ते लक्ष्यावर उमटते.